थर्माकोलपासून लाकडासाठी घरगुती सीलर : पावसाळ्याआधी दाराची खालची कड कशी बंद करावी

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे दार लागत नाही. वैशाखात ज्या फटीतून बोट जात होते तिथे आता कागद सरकत नाही, म्हणून घाईघाईने रंधा मागवला जातो, कड तासून घेतली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आटले की ती फट पूर्वीपेक्षा मोठी होऊन बसते. असे दोन-तीनदा तासलेले दार मग कडी लावूनही वाऱ्याने वाजत राहते. सुतारकाम करताना अशी दारे मी इतकी पाहिली आहेत, की आता दुरुस्तीसाठी आलेल्या दाराची मी आधी खालची कड पाहतो. दहापैकी नऊ वेळा ती कोरी असते. समोरच्या बाजूला सुंदर ऑईलपेंट आणि जमिनीकडच्या कडेला रंगाचा एक थेंबही नाही, हीच या दुखण्याची मुळी आहे.

लाकडाचे रेषे म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्या होत. फळीच्या सपाट बाजूने पाणी आत जायला वेळ लागतो. पण जिथे फळी आडवी कापलेली असते तिथे या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि तिथून पाणी कितीतरी वेगाने वर चढते. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत फुगते, म्हणून दार खाली न घासता बाजूला अडकते. दाराची आणि चौकटीची ही उघडी तोंडे बंद केली तर पाणी शोषण्याचा वेग बराच मंदावतो. त्यासाठी बाजारात तयार सीलर मिळतोच. मात्र फ्रीज, टीव्ही किंवा कूलरच्या खोक्यातून आलेल्या थर्माकोलपासूनही हे काम भागवता येते, आणि मी गेली काही वर्षे ते करतो आहे. ते कसे करावे, कुठे करावे आणि विशेषतः कुठे करू नये, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते आणि उरलेले दोन टक्के खरे प्लॅस्टिक. या प्लॅस्टिकचा शोध झाडाच्या डिंकातून लागला, हे लाकडाच्या माणसाला आवडावे असे आहे: १८३९ साली बर्लिनमधील एडुआर्ड सिमोन यांनी स्टोरॅक्स, म्हणजे आपल्या वैद्यांच्या शिलारसाच्या जातीचा एक राळेसारखा पदार्थ, ऊर्ध्वपातित केला, तेव्हा त्यांना एक तेलकट द्रव मिळाला आणि तो काही दिवसांत आपोआप घट्ट झाला. आज हे प्लॅस्टिक खनिज तेलापासून बनते. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्या बंद झाल्या, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. तरी यंत्रांच्या खोक्यांतले थर्माकोल घरोघरी येतच आहे आणि गावात ते बहुधा उकिरड्यावर जाळले जाते. त्याचा काळा, काजळीचा धूर ज्याने एकदा छातीत घेतला आहे त्याला ते का जाळू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्येक पांढरा फोम या कामाचा नसतो. तुकडा मोडून पाहावा. जो कट्‌ असा आवाज करून तुटतो आणि तुटलेल्या जागी साबुदाण्यासारखे गोल दाणे दिसतात, तो आपल्याला हवा आहे. जो मऊ असतो, वाकवला तरी तुटत नाही आणि घडी घालून सोडला की परत उलगडतो, तो पॉलिथिनचा फोम. तो थिनरमध्ये विरघळत नाही. गादीचा पिवळा फोमही विरघळत नाही. मासळीच्या पेट्यांचे थर्माकोल तेलकट असते म्हणून टाळावे. छताखाली बसवण्याच्या तक्त्यांमध्ये आग मंदावणारी रसायने मिसळलेली असू शकतात, म्हणून तेही घेऊ नये. खोक्यातल्या थर्माकोलवरचे चिकटपट्टीचे आणि कागदाचे तुकडे काढून ते साध्या पाण्याने धुवावे आणि दिवसभर पूर्ण वाळू द्यावे, कारण पाण्याचा अंश राहिला तर सीलर दुधाळ होतो.

आता द्रावकाविषयी, कारण बहुतेकांचे काम इथेच बिघडते. तालुक्याच्या रंगाच्या दुकानात मिळणारे एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे (एनसी) रंग पातळ करायचे द्रावक, सर्वांत सोयीचे आहे. त्यात साधारणपणे टोल्युइन आणि ॲसिटेट जातीची द्रावके असतात, पण प्रत्येक उत्पादकाचे प्रमाण निराळे असते, त्यामुळे पूर्ण डबा वापरण्याआधी काचेच्या पेल्यात दोन चमचे थिनर घेऊन त्यात थर्माकोलचा तुकडा टाकून पाहावा. तो काही क्षणांत बसला आणि ढवळल्यावर द्रव एकजीव, पारदर्शक राहिला, तर थिनर योग्य आहे. नुसते ॲसिटोन वापरले तर थर्माकोल लगेच आटते खरे, पण त्याचा मळलेल्या मैद्यासारखा चिकट गोळा तळाशी बसतो. तो मोकळा होत नाही आणि ब्रशने लावता येत नाही. रॉकेल आणि स्पिरिट यांचा उपयोग होत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी सीलर फार लवकर वाळतो म्हणून त्याला थोडे संथ करावे, या विचाराने मी दुकानातून ‘टर्पेंटाइन’ मागून आणले आणि तयार झालेल्या लिटरभर सीलरमध्ये पाव लिटर ओतले. बघता बघता डब्यात पांढऱ्या रबरासारख्या तारा तयार झाल्या, काडीभोवती गुंडाळल्या गेल्या आणि सगळे वाया गेले. दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळणारा द्रव पुष्कळदा झाडाच्या डिंकाचा नसून खनिज तेलाचा असतो. ऑईलपेंट पातळ करायला तो उत्तम, पण पॉलिस्टायरिनला तो धरून ठेवत नाही, त्यामुळे विरघळलेले प्लॅस्टिक पुन्हा बाहेर पडते. तेव्हापासून मी सीलर पातळ करायलाही तेच थिनर वापरतो, ज्यात तो विरघळवला आहे.

संत्र्याच्या पट्ट्यातल्या वाचकांना, वरूड, मोर्शी, काटोलकडच्या लोकांना, आणखी एक द्रावक ओळखीचे असेल. संत्र्याची ताजी साल थर्माकोलवर पिळली की तिथे लगेच खड्डे पडतात. सालीतल्या तेलाचा मुख्य घटक असलेले लिमोनिन हे पॉलिस्टायरिनचे चांगले द्रावक आहे आणि मुलांना दाखवण्यासारखा याहून सोपा प्रयोग नाही. परंतु घरी साली पिळून कामापुरते तेल निघत नाही, आणि विकतचे तेल वापरले तरी ते इतके सावकाश उडते की थर अनेक दिवस चिकट राहतो. दारासाठी मी ते सुचवणार नाही.

पेट्रोल मात्र या कामासाठी वापरूच नये. त्याची वाफ ठिणगीसरशी भडकते, आणि असा चिकट द्रव पेटला तर तो कातडीला चिकटून जळत राहतो. हा धोका थिनरच्या सीलरलाही आहेच, म्हणून जागेची निवड सामानाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते. आमच्याकडे एप्रिलमध्ये सकाळीच त्याच्या कितीतरी वर पारा असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते आणि पडवीतून चुलीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत किंवा कूलरच्या मोटारीपर्यंत पोचू शकते. म्हणून हे काम उघड्या अंगणात, घरापासून दूर, वारा पाठीमागून येईल असे बसून करावे. जवळ विडी, उदबत्ती, चालू यंत्र काही नसावे. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी, कारण पेटलेल्या थिनरवर पाणी मारले तर आग पसरते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. तासाभराहून अधिक काम असेल तर रंगकाम करणारे वापरतात तो कोळशाच्या डबीचा मास्क घ्यावा. हातात थिनरला टिकणारे मोजे घालावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या बाजूला येऊ देऊ नये.

एका दारासाठी आणि त्याच्या चौकटीच्या पायांसाठी एक लिटर थिनर भरपूर होते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा कोरा डबा किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. ही बरणी पुन्हा लोणच्याला वापरायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवावे. पातळ सीलरसाठी लिटरला १०० ग्रॅम आणि जाड सीलरसाठी लिटरला २०० ग्रॅम थर्माकोल असे प्रमाण धरावे. वजन करूनच घ्यावे, कारण नजरेचा अंदाज इथे फसतो: १०० ग्रॅम थर्माकोल ठोकळ्याच्या रूपात साडेसहा लिटरच्या आसपास जागा घेते, तुकडे केल्यावर तर १५ लिटरची बादली बरीचशी भरते, आणि तेच विरघळल्यावर त्यातले प्लॅस्टिक चहाच्या एका लहान कपात मावेल एवढेच निघते.

थर्माकोलचे तुकडे डब्यापासून दूर बसून करावेत. मोडताना दाणे उडतात आणि घर्षणाने त्यांच्यात वीज भरते, म्हणून ते हाताला, कपड्याला, डब्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटून राहतात. मग सुपारीएवढा एकेक तुकडा थिनरमध्ये सोडावा आणि लाकडी काडीने दाबावा. द्रवाला स्पर्श होताच तो फसफसतो, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि तो नखाएवढा होऊन खाली बसतो. घाई करू नये. एक तुकडा बसल्यावर दुसरा टाकावा. डबा तापवू नये आणि ढवळायला विजेचे ड्रिल लावू नये. सगळे विरघळले की झाकण लावून डबा रात्रभर सावलीत ठेवावा, म्हणजे बुडबुडे निघून जातात. सकाळी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून तो गाळून घ्यावा. पातळ सीलर काडीवरून दुधासारखा ओघळला पाहिजे. जाड सीलर एकतारी पाकासारखा दिसावा. दोन तारा धरू लागला तर तो ब्रशमागे ओढला जाईल, तेव्हा त्यात थोडे थिनर घालावे. दाराला लावण्याआधी एक थेंब काचेवर टाकून वाळवावा. वाळल्यावर तो काचेसारखा स्वच्छ दिसला तर सीलर जमला; पांढुरका झाला तर पाण्याचा अंश आहे किंवा थिनर चुकीचे आहे.

लावण्याची वेळ विदर्भात विचाराने ठरवावी लागते. लाकूड सर्वांत कोरडे आणि आटलेले असते ते वैशाख-ज्येष्ठात, म्हणून मृग लागण्याआधीचे दोन-तीन आठवडे दारासाठी योग्य आहेत. पण त्याच दिवसांत दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि तेव्हा सीलर ब्रशवरच वाळून त्याच्या दोऱ्या होतात, थरात फोड येतात. मी सकाळी सहाला सुरू करून साडेआठला थांबतो. उलट श्रावणात हे काम काढले तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थर पांढरा पडतो. तसे झाले तर कोरड्या उन्हाच्या दिवशी त्यावर नुसत्या थिनरचा हलका हात फिरवला की बहुधा तो पुन्हा स्वच्छ होतो.

दार बिजागऱ्यांतून काढून दोन खुर्च्यांवर आडवे ठेवावे. खालच्या कडेवरचा जुना चिखल आणि सैल रंग खरवडून ८० नंबरच्या आणि मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने कड घासावी. सागवान असेल तर थिनरने भिजवलेल्या कापडाने एकदा पुसून घ्यावे, कारण सागाच्या अंगच्या तेलावर सीलरची पकड कमी बसते. उधई (वाळवी) लागण्याची जागा असेल तर उधईचे औषध आधी लावून पूर्ण वाळू द्यावे. हा सीलर किडीला मारत नाही, आणि त्याच्यावरून लावलेले औषध आत जाणार नाही. लाकडाला रंग चढवायचा असेल तर तोही आधीच, नंतर चढत नाही.

पहिला हात पातळ सीलरचा. उभ्या पट्ट्यांच्या टोकांवर तो लावला की पाहता पाहता आत जिरतो, आणि दोन मिनिटांत ती जागा पुन्हा कोरडी दिसते. इथे कंजूषी करू नये. वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतराने तीन किंवा चार हात द्यावेत, आणि ज्या हाताला टोक पिणे थांबवून चमकू लागते तिथे थांबावे. बाभळीला माझ्याकडे दोनच हात पुरले, आंब्याच्या फळीने पाच घेतले. त्यानंतर जाड सीलरचे दोन हात, दोहोंमध्ये किमान तीन-चार तासांचे अंतर ठेवून, म्हणजे प्रत्यक्षात दुसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळीच येतो. नवा हात खालच्या थराला पुन्हा सैल करतो, म्हणून ब्रश एकदाच एका दिशेने न्यावा; मागे-पुढे घासला तर खालचा थर ओढला जाऊन सुरकुत्या पडतात. एकाच वेळी जाड लपेटण्याचा मोहही टाळावा. जाड थराची वरची कातडी वाळते, आत थिनर अडकते आणि दोन आठवड्यांनीही त्यात नख रुतते.

भेगा असतील तर जाड सीलरमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून त्या बुजवाव्यात. ही लांबी, म्हणजे भेगा भरायचा लगदा, वाळताना आक्रसते, म्हणून दोनदा भरावी लागते. घासायचे असेल तर २२० नंबरच्या कागदाने हाताने आणि हलकेच. यंत्राने घासले तर उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन कागदात भरते, कारण पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास नरम पडू लागते. याच कारणाने चहाची पातेली ठेवण्याच्या टेबलाला हा थर देऊ नये आणि चुलीजवळच्या लाकडालाही देऊ नये. थर दिलेले लाकूड अधिक सहज पेटते आणि धूरही वाईट करते.

आता जो उपयोग लोकांना सर्वांत आधी सुचतो त्याविषयी, म्हणजे चकचकीत पॉलिश म्हणून सगळे फर्निचर याने मढवणे. माझे स्पष्ट मत आहे की तसे करू नये. पहिल्या महिन्यात ते काचेसारखे दिसते; पण हे प्लॅस्टिक ठिसूळ आहे, कपाटाच्या कोपऱ्याला धक्का लागला की तिथे पांढरा डाग उमटतो, आणि उन्हात ते पिवळे पडून भुकटी होऊ लागते. बंडीच्या साटीला, डवऱ्याला, वखराला, अंगणातल्या बाकाला जवसाचे तेलच बरे. आपल्याकडे जवस पिकते, तेल मिळते, आणि तेल लाकडासोबत फुगते-आटते. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र गोळा करून टाकू नये. ती आपोआप तापून पेटू शकते, उलगडून बाहेर वाळत घालावी. पोळपाट, लाटणे, काठवट यांच्या जवळही हा सीलर नेऊ नये, कारण त्याचे कपचे पिठात येतील आणि तो खाण्याच्या भांड्यांसाठी नाही.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल हा मधला विषय आहे. रंगाखाली एक-दोन पातळ हात दिले तर पांगाऱ्यासारखे सच्छिद्र लाकूड रंग कमी पिते आणि वशिंडावर रंग एकसारखा बसतो. त्यावर ऑईलपेंट चालतो. एनसी रंग चालत नाही, तो खालचा थर विरघळवतो. असा बैल किमान दोन आठवडे हवेशीर जागी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच मुलाच्या हाती द्यावा. मूल अजून वस्तू तोंडात घालण्याच्या वयाचे असेल तर हा सीलर नकोच. त्यासाठी लाखेचे पॉलिश करावे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पळसावर लाख घेतात, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश वाळल्यावर त्याची अशी काळजी राहत नाही.

नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याची टोके तडकू नयेत म्हणून हा सीलर लावता येईल का, असे मला विचारले जाते. ओल्या लाकडावर तो धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो. तिथे वितळवलेले मेण वापरावे.

उरलेला सीलर घट्ट झाकणाच्या डब्यात, घराबाहेरच्या सावलीच्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवावा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष, आगीपासून दूर’ असे लिहावे. पाण्याच्या किंवा कोणत्याही पेयाच्या बाटलीत तो कधीही भरू नये. घट्ट झाला तर थिनर घालून पुन्हा वापरता येतो. फेकायचाच असेल तर मोकळ्या हवेत पूर्ण वाळवून कडक झालेला तुकडा सुक्या कचऱ्यात द्यावा. नाल्यात ओतू नये, चुलीत घालू नये. ब्रश थिनरमध्ये दोनदा खळबळून मग साबणाने धुवावा.

दार परत बसवण्याआधी वरच्या कडेवर पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहून त्यावरही एक पातळ हात द्यावा. वरची कडही पाणी पिते, आणि तारीख थराखाली टिकून राहते. पुढच्या उन्हाळ्यात दार काढले की खालच्या कडेवर पाण्याचे चार थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. थेंब तसेच उभे राहिले तर काही करू नये. एखाद्या जागी लाकूड गडद झाले, तर तेवढीच जागा घासून तिथे पातळ सीलरचे दोन हात द्यावेत. नवा थर जुन्याला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे सगळी कड पुन्हा खरवडावी लागत नाही.